पक्षत्यागाचा धर्म

ज्या राजकीय पक्षात मनुष्याने आपल्या उमेदीची वर्षे घातली, त्या पक्षाचे विचार आणि आचार पुढे त्याच्या अंतःकरणास पटेनासे झाले, तर त्याने काय करावे? पक्ष सोडावा, की त्यातच राहून सोसावे? वरवर पाहता हा राजकारणाचा प्रश्न वाटतो आणि संसारी गृहस्थाला त्याच्याशी काय कर्तव्य, असेही मनात येते. परंतु थोडा विचार केला असता ध्यानी येते की, हा प्रश्न संग आणि धर्म यांच्यातील विरोधाचा आहे. आणि जेथे संग व धर्म समोरासमोर उभे ठाकतात, तेथेच गीतेचा उपदेश जन्मास आला आहे.

कोलकात्याच्या दक्षिण भागातील बालीगंज हा जुना, सुशिक्षित वस्तीचा भाग. तेथे १९९६ साली राधाकृष्णांचे बिर्ला मंदिर बांधून पूर्ण झाले. त्याच परिसरातील हिंदुस्थान पार्कमध्ये ज्योती बसू यांच्या वडिलांचे घर होते. मंदिरात जाऊन हात जोडणारा आणि सायंकाळी पक्षाच्या कचेरीत जाऊन बसणारा, असा गृहस्थ या भागात विरळा नाही. तेथे, आणि देशातील कितीतरी गावांत, पक्ष म्हणजे केवळ मतदानाच्या दिवसापुरती वस्तू नसते. शेजारपाजार, उत्सवाचे मंडळ, मुलाच्या नोकरीसाठी कोणीतरी टाकलेला शब्द, आजारपणात धावून आलेले सोबती, हे सर्व त्या एका नात्यात गुंफलेले असते. अशा गृहस्थास पक्ष पटेनासा झाला म्हणजे त्याची रात्रीची झोप उडते. पक्ष सोडावा तर वीस वर्षांचे मित्र पाठ फिरवितात. न सोडावा तर आरशात स्वतःच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. ही यातना लहान नाही आणि तिची थट्टा करणे योग्य नाही.

या यातनेचे उत्तर शोधताना महाभारताचे एक पान उलटावे लागते. पुष्कळ भाविक भीष्मपर्वातील गीता वाचतात आणि अठरावा अध्याय संपताच ग्रंथ मिटून ठेवतात. पण व्यासांची कथा तेथे थांबत नाही. गीतेच्या पाठोपाठ येणाऱ्या अध्यायात युधिष्ठिर आपले कवच उतरवितो, शस्त्रे खाली ठेवतो आणि पायी चालत शत्रुसैन्याकडे निघतो. कौरवांचे सैनिक त्याची भित्रा म्हणून टवाळी करतात. तो मात्र भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य या वडीलधाऱ्यांसमोर जाऊन युद्धासाठी त्यांची अनुज्ञा आणि आशीर्वाद मागतो. भीष्म प्रसन्न होतात, जयाचा आशीर्वाद देतात आणि त्याच बोलण्यात एक कबुली देऊन जातात. मनुष्य अर्थाचा दास आहे, अर्थ कोणाचाही दास नाही. कौरवांनी अर्थाने आपल्याला बांधून घेतले आहे, म्हणून आपल्याला असे दुबळ्यासारखे बोलावे लागत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. द्रोण आणि कृप हेही तीच कबुली देतात. ज्या दुबळेपणाविषयी भगवंतांनी दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाला फटकारले, त्याच अर्थाचा शब्द येथे पितामह स्वतःसाठी वापरतात, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

त्याच वेळी श्रीकृष्ण कर्णाकडे जातात. भीष्म सेनापती असेतोवर लढणार नाही, असे कर्णाने ठरविलेले होते. तेव्हा तोवर पांडवांच्या बाजूस ये, अशी सूचना भगवंत त्याला करतात. कर्ण नकार देतो. दुर्योधनाला अप्रिय होईल ते आपण करणार नाही, त्याच्यासाठी आपण प्राणांवर पाणी सोडले आहे, असे तो सांगतो. यानंतर युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून उंच स्वरात विचारतो की, ज्याला आमच्याकडे यावयाचे असेल त्याने यावे. साऱ्या कौरवसेनेतून धृतराष्ट्राचा एकच पुत्र पुढे येतो. तो म्हणजे युयुत्सु.

पटत नसलेल्या पक्षात सापडलेल्या मनुष्याच्या तीन गती या एका अध्यायात दिसतात. भीष्म जाणतात, पण अन्नाच्या आणि आश्रयाच्या ऋणाने राहतात. कर्ण जाणतो, पण प्रेमाच्या आणि उपकाराच्या ऋणाने राहतो. युयुत्सु जाणतो आणि निघतो. यांतील कोणता मार्ग खरा, असा प्रश्न केल्यास सामान्य वाचक तत्काळ युयुत्सूचे नाव घेईल. परंतु एवढ्यावर थांबल्यास पक्ष सोडणे म्हणजेच धर्म, असा भलताच अर्थ निघेल. स्वार्थासाठी रोज पक्ष सोडणारेही मग स्वतःला युयुत्सूचे वंशज म्हणवू लागतील.

आपल्या देशाने असा त्याग पुष्कळ पाहिला आहे. १९६७ साली हरियाणातील एका आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्द भाषेत रूढ झाला. अखेर १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरास कायद्याची मर्यादा घालावी लागली. परंतु हा कायदा संसदेच्या आणि विधिमंडळांच्या सदस्यांपुरता आहे. गल्लीतल्या साध्या कार्यकर्त्याला तो लागू नाही. आणि कायदा फार तर पद काढून घेईल. ज्या हेतूने पक्ष सोडला तो हेतू शुद्ध होता की मलिन, हे त्याला कळत नाही. ती परीक्षा ज्याची त्यानेच करावयाची असते. तिच्यासाठी कसोटी मात्र गीतेने दिली आहे.

अठराव्या अध्यायाच्या सातव्या, आठव्या आणि नवव्या श्लोकांत भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नेमून दिलेले कर्म मोहाने टाकून देणे हा तामस त्याग. कर्म दुःखदायक आहे म्हणून, देहाला होणाऱ्या कष्टाच्या भयाने टाकून देणे हा राजस त्याग. आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत राहून त्याविषयीची आसक्ती व त्याचे फळ टाकणे हा सात्त्विक त्याग. हा विचार पक्षत्यागास लावून पाहिला म्हणजे प्रश्नाचे रूपच पालटते. पक्ष सोडला की धरून ठेवला, ही बाहेरची गोष्ट झाली. फळ सोडले की धरून ठेवले, ही आतली गोष्ट. आणि निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. पराभूत पक्षातून विजयी पक्षात जाणाऱ्याने एक छत्र टाकून दुसरे उचलले, एवढेच झाले. त्याने फळ सोडलेच नाही. तसेच पटत नसूनही केवळ पदासाठी, कंत्राटासाठी किंवा शेजाऱ्यांच्या भीतीने जो पक्षात राहिला, त्यानेही फळ सोडले नाही. बाहेरून एक पक्षद्रोही आणि दुसरा एकनिष्ठ दिसतो, पण आतून दोघेही एकाच दोरीने बांधलेले आहेत. भीष्मांनी त्या दोरीचे नाव स्पष्ट सांगून ठेवले आहे.

हा विचार अधिक स्पष्ट व्हावा म्हणून कलकत्त्यातील काही प्रसंग पाहावेत. १९३९ च्या जानेवारीत सुभाषचंद्र बसू १,५८० मते मिळवून काँग्रेसच्या अध्यक्षपदी पुन्हा निवडून आले. परंतु कार्यकारिणीच्या प्रश्नावर ज्येष्ठ नेत्यांशी त्यांचे जमेना. तेव्हा एप्रिलच्या अखेरीस कलकत्त्याच्या बैठकीत त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि मे महिन्याच्या आरंभी फॉरवर्ड ब्लॉकची स्थापना केली; पण ती काँग्रेसच्या अंतर्गत राहूनच. म्हणजे प्रथम त्यांनी पद सोडले, घर सोडले नाही. मतभेद होताच पदाला चिकटून राहून पक्षाला दोष देणे सोपे असते. पद परत करून मग आपले मत मांडणे कठीण असते आणि म्हणूनच ते अधिक शुद्ध असते.

ज्योती बसू यांच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा उत्तर निराळे मिळाले. १९६४ च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून बत्तीस सभासद बाहेर पडले, त्यांत ते होते. त्या वेळी पक्षाचे अध्यक्षपद महाराष्ट्रातील श्रीपाद अमृत डांगे यांच्याकडे होते. पक्षाची दिशा कोणती असावी, या मुळाच्याच प्रश्नावर तो वाद होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस दक्षिण कलकत्त्यात भरलेल्या अधिवेशनात बाहेर पडलेल्यांनी आपला निराळा पक्ष उभा केला. पुढे १९९६ मध्ये संयुक्त आघाडीने देशाचे पंतप्रधानपद ज्योती बसूंपुढे ठेवले. त्यांच्या पक्षाच्या मध्यवर्ती समितीने बहुमताने सरकारात जाण्यास नकार दिला. बसूंचे मत याच्या उलट होते. त्यांनी पक्षाचा निर्णय पाळला, पक्ष सोडला नाही आणि पुढे ही ऐतिहासिक घोडचूक झाली, असे उघडपणे सांगितलेही.

बसू ईश्वरवादी नव्हते, हे येथे अडसर मानण्याचे कारण नाही. धर्माचा नियम श्रद्धावानापुरताच चालतो आणि इतरांपुरता थांबतो, असे नाही. त्यांच्या राजकारणाशी कोणी सहमत असो वा नसो, १९९६ च्या प्रसंगातून एक भेद शिकता येतो. पक्षाने त्यांना कोणतेही दुष्कृत्य करावयास सांगितले नव्हते. स्वतःस मिळणारे मोठे पद सोडावयास सांगितले होते. हानी झाली ती ज्याची त्याची. अशा ठिकाणी राहणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. जेथे केवळ आपला मान, आपले पद, आपली सूचना नाकारली गेली, तेथे मनुष्याने राहावे आणि आपले मत लपवू नये. पद हुकले म्हणून जो निघतो, तो मतभेदाचे नाव घेतो खरा, परंतु त्याचे दुःख निराळे असते.

सोमनाथ चॅटर्जी यांचा प्रसंग याहून बिकट होता. ते हिंदु महासभेचे अध्यक्ष राहिलेले निर्मलचंद्र चॅटर्जी यांचे पुत्र; पण १९६८ मध्ये त्यांनी पित्याहून अगदी वेगळा मार्ग धरून मार्क्सवादी पक्षात प्रवेश केला. २००४ मध्ये ते एकमताने लोकसभेचे अध्यक्ष झाले. २००८ च्या जुलैमध्ये अमेरिकेशी होणाऱ्या अणुकराराच्या प्रश्नावर डाव्या पक्षांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि चॅटर्जींनी अध्यक्षपद सोडावे, अशी त्यांच्या पक्षाची अपेक्षा होती. लोकसभेचा अध्यक्ष एका पक्षाचा राहत नाही, असे म्हणून त्यांनी नकार दिला. २२ जुलैला विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. दुसऱ्याच दिवशी चाळीस वर्षांचा हा सभासद पक्षातून काढला गेला. पक्षाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे: ज्या शिस्तीच्या बळावर मनुष्य उंच आसनावर पोचला, ती शिस्त त्याने आसनावर बसताच कशी विसरावी? पण येथे ज्या कर्माविषयी प्रश्न होता ते पक्षाने नेमलेले नव्हते. साऱ्या सभागृहाने एकमताने सोपविलेले होते. त्या आसनाचा स्वतःचा धर्म होता. चॅटर्जींनी स्वतः पक्ष सोडला नाही, आसनही सोडले नाही आणि हकालपट्टीनंतर दुसऱ्या पक्षाचा आश्रयही घेतला नाही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची होय. ज्याला मोबदला मिळाला नाही, त्याच्या हेतूविषयी शंका घेणे कठीण जाते.

बालीगंजच्या विधानसभा मतदारसंघाचा अलीकडचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. तेथून २०११, २०१६ आणि २०२१ अशा तीन वेळा निवडून आलेले सुब्रत मुखर्जी २००५ मध्ये तृणमूल काँग्रेसमधून बाहेर पडले होते आणि २०१० मध्ये परतले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. २०२२ च्या एप्रिलमधील पोटनिवडणुकीत बाबुल सुप्रियो निवडून आले. त्यांनी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय जनता पक्ष सोडून तृणमूल काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि पुढच्याच महिन्यात आसनसोलच्या लोकसभा सदस्यत्वाचा राजीनामा दिला. या मंडळींच्या अंतःकरणात काय होते ते अंतर्यामी जाणे. इतरांनी त्याचा निवाडा करू नये. बाहेरून एवढेच म्हणता येते की, ज्या चिन्हावर जागा मिळाली ते चिन्ह टाकल्यावर ती जागाही परत करणे, ही किमान मर्यादा आहे. पूर्ण त्याग याच्याही पुढे जातो; पण जेथे ही मर्यादाही पाळली जात नाही, तेथे तत्त्वाची भाषा शोभत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना १९५६ साल आठवेल. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावर चिंतामणराव देशमुख यांनी जुलै महिन्यात केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. यशवंतराव चव्हाण काँग्रेसमध्ये राहिले, लोकांचा रोष सोसला, द्वैभाषिक राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा त्याचेही पहिले मुख्यमंत्री झाले. एकाने सोडले, एकाने धरले. ज्या चळवळीत शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, तिच्याकडे पाहता चव्हाणांचे राहणे अनेकांना दीर्घकाळ खुपले. तरीही दोघांचे इष्ट एकच होते, ही गोष्ट आज कोणी नाकारणार नाही. यावरून दिसते की, सोडणे आणि राहणे यांपैकी एकालाच सर्वकाळ धर्म म्हणता येत नाही.

मग सामान्य गृहस्थाने कशाच्या आधारे ठरवावे? प्रथम हे पाहावे की, दोष धुराचा आहे की अग्नीच विझला आहे. प्रत्येक कर्म कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेले असते, जसा अग्नी धुराने, असे अठराव्या अध्यायातच सांगितले आहे. सर्वथा निर्दोष पक्ष शोधणारा जन्मभर दारोदार फिरेल. एखादा उमेदवार आवडला नाही, एखादा ठराव चुकला, एखादा पुढारी उद्धट निघाला, हा धूर होय. पण ज्या हेतूसाठी पक्षात प्रवेश केला तो हेतूच पक्षाने टाकला असेल, तर शिल्लक राहिली ती राख.

दुसरे असे पाहावे की, पक्ष आपल्या हातून काय करवीत आहे. दुसऱ्याच्या चुकीविषयी मतभेद असणे निराळे आणि त्या चुकीत आपला हात लागणे निराळे. शेजाऱ्याला मतदानापासून अडवावे, निरपराध्याविषयी खोटी तक्रार द्यावी, एका जातीच्या वा धर्माच्या माणसांविरुद्ध गल्ली पेटवावी, असे सांगितले गेले, तर विचार करण्यास अवधी मागण्याचेही कारण नाही. त्या क्षणी नकार द्यावा; नकारानंतर पक्ष राहो वा जावो.

तिसरे हे पाहावे की, आपण शेवटचे कधी बोललो. पुष्कळजण आतून सुधारणा करण्यासाठी राहिलो असे म्हणतात, पण बैठकीत वर्षानुवर्षे मौन पाळतात. कौरवसभेत द्रौपदीच्या बाजूने विकर्ण उभा राहून बोलला. ज्येष्ठ मंडळी गप्प होती. बिभीषणानेही रावणाला पुनःपुन्हा हित सांगितले, अपमान सोसला आणि मगच लंका सोडली. बोलल्यावाचून राहणे आणि बोलल्यावाचून जाणे, दोन्ही अपुरे आहे. ज्याचे बोलणे ऐकले जात नाही पण बोलू दिले जाते, त्याला अजून जागा आहे. ज्याला बोलूच दिले जात नाही, त्याचे तेथे राहणे केवळ संख्येपुरते उरते.

येथे कर्णाचा आक्षेप उभा राहतो, आणि तो गृहस्थाला सर्वांत अधिक टोचतो. पक्षाने नोकरी दिली, संकटात आधार दिला, समाजात नाव दिले. त्याला सोडणे कृतघ्नपणा नव्हे काय? उपकार विसरू नये, हे खरेच. पण ऋण फेडावयाचे ते आपल्या मालकीच्या वस्तूने. आपले श्रम, आपला पैसा, आपला वेळ, प्रसंगी आपले प्राण उपकारकर्त्यास देण्यास मनुष्य मोकळा आहे. दुसऱ्याचा हक्क देऊन आपले ऋण फेडण्यास तो मोकळा नाही. कर्णाने दुर्योधनासाठी स्वतःचे प्राण दिले ते त्याचेच होते. पण द्रौपदीचा मान आणि पांडवांचे राज्य त्याचे नव्हते. त्याच्या दातृत्वाला जगात तोड नव्हती. परंतु त्याची निष्ठा दुसऱ्याच्या खात्यातून खर्च होत होती, ही त्याची शोकांतिका होय.

ज्याने सोडावयाचे ठरविले, त्याने कसे सोडावे हेही युयुत्सूपासून शिकावे. तो रात्रीच्या अंधारात निसटला नाही. दोन्ही सैन्यांच्या देखत, युद्ध सुरू होण्यापूर्वी, उघड निघाला. आणि त्याने बाजू सोडली, पिता सोडला नाही. धृतराष्ट्राचा वंशतंतू आणि पिंड त्याच्याच ठायी उरलेला दिसतो, असे त्याला स्वीकारतानाच युधिष्ठिराने म्हटले होते. महाप्रस्थानाच्या वेळी पांडवांनी राज्याची देखभालही त्याच्याकडे सोपविली. म्हणून पक्ष सोडणाऱ्याने कारण स्पष्ट लिहून द्यावे, पदाच्या आणि हिशेबाच्या वस्तू परत कराव्यात, विश्वासाने कानी आलेल्या गोष्टी बाजारात मांडू नयेत, कालच्या सोबत्यांना आज शिव्या देऊ नयेत. त्यांच्या घरी लग्नकार्य असेल तर जावे. दुःख असेल तर आधी जावे. दुसऱ्या पक्षाच्या दारात लगेच पाऊल टाकण्याची घाई असेल, तर तिचे कारण स्वतःच्या मनाला विचारावे.

ज्याने राहावयाचे ठरविले, त्याचे तप याहून कमी नाही. त्याने बैठकीत आपला विरोध नोंदवावा, अन्यायाच्या कामात हात घालू नये, आणि ज्या गोष्टीस तो नावे ठेवतो तिच्यापासून लाभ घेऊ नये. खाजगीत निंदा आणि सभेत टाळ्या, ही सवय पक्षालाही खाते आणि माणसालाही.

तात्पर्य, जाणाऱ्याने फळ सोडून जावे आणि राहणाऱ्याने सत्य न सोडता राहावे. ज्या गृहस्थाला निर्णय होत नसेल त्याने एका शांत वेळी एवढेच स्वतःला विचारावे: या पक्षापासून मिळणारे सर्व काही उद्या बंद झाले, तरी मी येथे राहीन काय? आणि दुसरीकडे काहीच मिळणार नसले, तरी मी येथून जाईन काय? या दोन प्रश्नांची उत्तरे जो प्रामाणिकपणे देईल, त्याचा मार्ग त्याला दिसल्यावाचून राहणार नाही. मग लोक त्याला द्रोही म्हणोत वा भोळा म्हणोत, कुरुक्षेत्राच्या मध्यभागी उभ्या असलेल्या त्या हाकेला त्याने आपल्या परीने उत्तर दिलेले असेल.